ठराव, दुधाचे दात आणि गायरान : युद्धविरोधी चळवळीतील स्त्रियांच्या कामाची पार्श्वभूमी

युद्धाला विरोध करणाऱ्या स्त्रियांविषयी लिहायचे झाले की लेखणी आपसूक मातृहृदयाकडे वळते. मुलगा रणांगणावर गेलेली आई, तिचे अश्रू आणि तिने पुरुषांच्या जगाला घातलेली आर्त साद, असे ते चित्र ठरून गेले आहे. ते सर्वस्वी खोटे नाही, कारण या स्त्रियांनीही गरज पडली तेव्हा आईपणाची ढाल पुढे केलेली आहे. परंतु त्यांच्या कामाचा तपशील पाहू लागले, की अश्रू थोडे आणि ठरावांचे मसुदे, सह्यांचे गठ्ठे, प्रयोगशाळेतील मोजमापे व कोर्टातील युक्तिवाद भरपूर, असा प्रकार दिसतो. प्रस्तुत टिपणात त्या काहीशा रूक्ष बाजूचाच माग घेतला आहे.

पहिल्या महायुद्धाच्या आधीची युरोपातील शांतता-चळवळ ही प्रामुख्याने दिवाणखान्यातील चळवळ होती. तिच्यातील सर्वांत ठळक स्त्री म्हणजे बर्था फॉन झुटनर. १८४३ साली प्रागमधील सरदार घराण्यात जन्मलेल्या या बाईंची, ‘शस्त्रे खाली ठेवा’ अशा अर्थाचे जर्मन नाव असलेली कादंबरी १८८९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्या भाषांतरांवर भाषांतरे निघाली. आल्फ्रेड नोबेल यांच्याशी त्यांची जुनी ओळख व दीर्घ पत्रव्यवहार होता. १९०५ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. परिषदा, मासिके, राजेमहाराजांना व मुत्सद्द्यांना पत्रे, हे त्यांचे मार्ग होते. २१ जून १९१४ रोजी त्या वारल्या, आणि बरोबर सात दिवसांनी साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या वर्षी व्हिएन्नात भरायची आंतरराष्ट्रीय शांतता परिषद अर्थातच भरली नाही.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच स्त्री-मताधिकाराच्या चळवळीत उभी फूट पडली, आणि ही गोष्ट आवर्जून नोंदवली पाहिजे, कारण स्त्री ही जात्याच शांतताप्रिय असते या लाडक्या समजुतीला ती तडा देते. मताधिकारासाठी तुरुंगात गेलेल्या एमेलीन पँकहर्स्ट यांनी आपले सगळे बळ सैन्यभरतीच्या प्रचारामागे लावले, तर त्यांचीच मुलगी सिल्व्हिया युद्धाच्या विरोधात उभी राहिली. ब्रिटनच्या रस्त्यांवर साध्या कपड्यांतील तरुणांना गाठून भेकडपणाची खूण म्हणून पांढरे पीस देणाऱ्याही स्त्रियाच होत्या. जर्मनीतील व फ्रान्समधील स्त्री-संघटनांचे बहुसंख्य नेतृत्व आपापल्या सरकारांच्या पाठीशी गेले. युद्धविरोधी स्त्रिया तेव्हा अल्पसंख्य होत्या आणि त्यांना ते पक्के ठाऊक होते.

या अल्पसंख्यांतील एक होत्या एमिली हॉबहाउस. बोअर युद्धाच्या काळात दक्षिण आफ्रिकेतील ब्रिटिश छळछावण्यांमध्ये बोअर बायकामुले कशी मरत आहेत, याचा अहवाल १९०१ मध्ये लंडनला आणून त्यांनी आपल्याच देशबांधवांचा रोष ओढवून घेतला होता. १९१४च्या नाताळच्या सुमारास त्यांनी जर्मनी व ऑस्ट्रियातील स्त्रियांना उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले. त्यावर १०१ ब्रिटिश स्त्रियांच्या सह्या झाल्या. ते मताधिकार चळवळीच्या आंतरराष्ट्रीय मुखपत्रात छापून आले आणि पुढे शत्रुराष्ट्रातील दीडशेवर स्त्रियांचे उत्तरही आले. दोन्ही देशांतील टपाल बंद असताना एका मासिकाने टपाल पेटीचे काम केले.

त्या पत्रापासून हेगच्या परिषदेपर्यंत फक्त चार महिन्यांचे अंतर आहे. आंतरराष्ट्रीय स्त्री-मताधिकार संघटनेचे १९१५चे अधिवेशन बर्लिनला ठरलेले होते, ते युद्धामुळे बारगळले. तेव्हा नेदरलँड्समधील पहिल्या महिला डॉक्टर आलेटा याकोब्स यांनी सुचवले की बर्लिन जमत नसेल तर तटस्थ हॉलंडमध्ये जमू या. मताधिकार संघटना अधिकृतपणे पुढे यायला कचरली. मग याकोब्स व त्यांच्या सहकारी स्त्रियांनी स्वतःच्या नावाने निमंत्रणे धाडली, अध्यक्षपदासाठी शिकागोच्या ‘हल हाउस’ या सेवाकेंद्राच्या संस्थापक जेन अॅडम्स यांना बोलावले, आणि २८ एप्रिल ते १ मे १९१५ असे चार दिवस हेगच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारातील सभागृहात परिषद भरली. बारा देशांतील अकराशेच्या वर स्त्रिया तिथे जमल्या. त्याच दिवसांत तिथून फार लांब नसलेल्या ईप्रच्या आघाडीवर विषारी वायूचा पहिला मोठा वापर होऊन जेमतेम आठवडा लोटला होता.

पोहोचणे हीच मोठी परीक्षा होती. चाळीसहून अधिक अमेरिकी प्रतिनिधींना घेऊन निघालेले ‘नोर्डाम’ हे जहाज ब्रिटिश अधिकाऱ्यांनी डोव्हरजवळ तीन-चार दिवस अडकवून ठेवले. ब्रिटनमधून १८० स्त्रियांना जायचे होते. सरकारने छाटणी करून पंचवीसेक जणींना परवाने देऊ केले, आणि नेमकी त्याच वेळी नॉर्थ सीमधील वाहतूक बंद झाल्यामुळे त्याही बंदरावरच राहिल्या. शेवटी ब्रिटनच्या फक्त तिघी तिथे होत्या : ख्रिस्टल मॅकमिलन आणि कॅथलीन कोर्टनी या तयारीसाठी आधीच हॉलंडला गेल्या होत्या, तर एमेलीन पेथिक-लॉरेन्स अमेरिकेहून त्या अडकलेल्या जहाजातून आल्या. फ्रेंच संघटनांनी साफ नकार दिला. जर्मनीहून अनिटा आउग्सपुर्ग आणि लिडा गुस्टाव्हा हायमान यांच्यासह अठ्ठावीस जणी आल्या, आणि जर्मन सैन्याच्या ताब्यातील बेल्जियममधूनही काही स्त्रिया पोहोचल्या.

परिषदेचे नियम पाहण्यासारखे आहेत. ज्यांना आंतरराष्ट्रीय तंटे शांततेने सोडवावेत आणि स्त्रियांना मताधिकार मिळावा ही दोन्ही तत्त्वे मान्य आहेत त्यांनाच प्रवेश होता. या युद्धाला जबाबदार कोण, यावर चर्चा करायची नाही, आणि युद्ध कोणत्या नियमांनी लढावे यावरही नाही, असे आधीच ठरले होते. पहिली मनाई परिषद पहिल्याच तासात फुटू नये म्हणून होती. दुसरी अधिक विचारपूर्वक होती, कारण युद्धाचे नियम ठरवत बसणे म्हणजे युद्ध गृहीत धरणे, असे आयोजकांचे म्हणणे होते.

एकूण वीस ठराव संमत झाले. रहिवाशांच्या, म्हणजे तेथील पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या, संमतीशिवाय कोणताही प्रदेश एका राज्यातून दुसऱ्यात घालू नये, परराष्ट्र धोरणावर लोकशाही नियंत्रण असावे व गुप्त तह मानले जाऊ नयेत, शस्त्रनिर्मितीतून खासगी नफा जावा म्हणून तो उद्योग सरकारांनी ताब्यात घ्यावा, कायमस्वरूपी आंतरराष्ट्रीय न्यायालय व राष्ट्रांची स्थायी परिषद असावी, आणि युद्धानंतरच्या तहाच्या बोलण्यांत स्त्रियांना स्थान असावे, असा त्यांचा सूर होता. यांतील मध्यवर्ती कल्पना ‘सततच्या मध्यस्थी’ची होती, आणि तिची मांडणी विस्कॉन्सिन विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या ज्यूलिया ग्रेस वेल्स यांनी केली होती. ‘मध्यस्थ’ हा शब्द आपल्याकडे लग्ने जुळवणाऱ्यांनी वापरून गुळगुळीत केला आहे, म्हणून तिचे वेगळेपण सांगायला हवे. युद्धबंदीची वाट पाहत न बसता, तोफा चालू असतानाच, तटस्थ देशांच्या तज्ज्ञांनी एकत्र बसावे, दोन्ही बाजूंना तोडग्याचे प्रस्ताव पाठवावेत, नाकारले तर दुरुस्त करून पुन्हा पाठवावेत, आणि हे न थांबता चालवावे, अशी ती योजना होती. जो आधी बोलणी मागेल तो दुबळा ठरेल, ही भीती दोन्ही बाजूंना जखडून ठेवते. तिसऱ्याने प्रस्ताव मांडला तर कोणालाच आधी हात पुढे करावा लागत नाही.

हंगेरीच्या रोझिका श्विमर यांनी आग्रह धरला की हे ठराव टपालाने पाठवून भागणार नाही, आपण स्वतः ते सरकारांच्या हाती द्यायला हवेत. कित्येक जणींना हे वेडेपणाचे वाटले, तरी ठराव मंजूर झाला. उन्हाळ्यात दोन तुकड्या निघाल्या. अॅडम्स व याकोब्स लंडन, बर्लिन, व्हिएन्ना, बुडापेस्ट, बर्न, रोम, पॅरिस असा प्रवास करत मंत्र्यांना भेटल्या. श्विमर, मॅकमिलन आणि अर्थशास्त्राच्या अमेरिकी प्राध्यापक एमिली ग्रीन बाल्च कोपनहेगन, क्रिस्तियानिया (आजचे ऑस्लो), स्टॉकहोम अशा फिरल्या, आणि शत्रुराष्ट्राच्या नागरिक असलेल्या श्विमर यांना वगळून बाकीच्या रशियाच्या राजधानीत, पेट्रोग्राडला, गेल्या. ज्या देशांचे राजदूत एकमेकांचे तोंड पाहत नव्हते, त्यांच्या राजधान्यांमध्ये मताचाही अधिकार नसलेल्या या बायका हातात ठरावांची पुस्तिका घेऊन फिरत होत्या.

व्हिएन्नातील भेटीचा प्रसंग अॅडम्स यांनी पुढे सांगितला आहे. ऑस्ट्रियाचे पंतप्रधान काउंट श्ट्यूर्क सर्व ऐकून गप्प बसले होते. तेव्हा अॅडम्स संकोचून म्हणाल्या की बायकांनी असे दारोदार फिरणे आपल्याला खुळेपणाचे वाटत असेल. त्यावर पंतप्रधानांनी टेबलावर मूठ आपटली आणि म्हटले की मुळीच नाही, दहा महिन्यांत या खोलीत उच्चारले गेलेले हे पहिले शहाणपणाचे शब्द आहेत. समोरच्या दाराकडे बोट करून त्यांनी सांगितले की त्या दारातून लोक येतात ते आणखी माणसे हवीत, आणखी दारूगोळा हवा, एवढेच सांगायला येतात. या सद्गृहस्थांनी ऑस्ट्रियाची संसद बंद ठेवून कारभार चालवला होता आणि पुढच्याच वर्षी ते एका युद्धविरोधकाच्या गोळीला बळी पडले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या शब्दांवर किती विसंबायचे, हा प्रश्न उरतोच. तरीही युद्ध करणाऱ्या बहुतेक सरकारांनी असे सांगितले की आम्ही मध्यस्थी मागणार नाही, पण तटस्थांनी परिषद बोलावली तर आडवेही येणार नाही. अडले ते तटस्थांपाशी. लहान देशांना अमेरिकेने पुढे व्हावे असे वाटत होते, आणि अध्यक्ष वुड्रो विल्सन पुढे व्हायला तयार नव्हते. काही महिन्यांनी अॅडम्स पुन्हा त्यांना भेटायला गेल्या, तेव्हा विल्सन यांनी ठरावांची तीच प्रत काढली. ती हाताळून मऊ झाली होती. आतापर्यंत कोणीही केलेल्या मांडणीत ही सर्वोत्तम आहे, असे ते म्हणाले. जानेवारी १९१८ मध्ये त्यांनी आपली प्रसिद्ध चौदा कलमे जाहीर केली, तेव्हा त्यांतील उघड राजनीती, शस्त्रकपात आणि राष्ट्रांचा संघ या कलमांशी हेगच्या ठरावांचे साम्य सहज दिसत होते. स्त्रियांच्या सहभागाचे कलम मात्र त्यांत नव्हते.

या कामाची किंमत व्यक्तिशः मोजावी लागली. ९ जुलै १९१५ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये अॅडम्स यांनी प्रवासाचा वृत्तांत सांगताना, संगिनींच्या चढाईआधी सैनिकांना मद्य दिले जाते असे अनेक देशांत ऐकल्याचे सांगितले. वृत्तपत्रांनी भाषणातले बाकी सगळे सोडून एवढेच वाक्य उचलले आणि सैनिकांच्या शौर्याचा अपमान केल्याबद्दल, काल-परवापर्यंत अमेरिकेची सर्वांत आदरणीय स्त्री म्हणवल्या जाणाऱ्या बाईंना झोडपून काढले. बाल्च यांचा वेल्सली कॉलेजशी असलेला वीस वर्षांचा संबंध युद्धविरोधामुळे संपला. अॅडम्स यांना १९३१ मध्ये आणि बाल्च यांना १९४६ मध्ये शांततेचे नोबेल मिळाले, परंतु ते हेगनंतर अनुक्रमे सोळा व एकतीस वर्षांनी. आउग्सपुर्ग आणि हायमान यांनी १९२३ मध्येच बव्हेरियाच्या सरकारकडे हिटलरला देशाबाहेर घालवण्याची मागणी केली होती. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले तेव्हा या दोघी परदेशी प्रवासात होत्या, म्हणून वाचल्या. मागे राहिलेले घर, ग्रंथसंग्रह आणि चळवळीचे दप्तर जप्त झाले. दोघींनीही १९४३ मध्ये झुरिचमध्ये परागंदा अवस्थेत देह ठेवला.

तहाच्या अधिकृत बोलण्यांच्या वेळीच आणि त्याच ठिकाणी स्त्रियांची दुसरी परिषद भरवायची असे हेगलाच ठरले होते. पण १९१९ मध्ये बोलणी पॅरिसला झाली आणि तिथे जर्मन स्त्रियांना पाय ठेवता येत नव्हता, म्हणून मे महिन्यात झुरिच निवडले गेले. युद्ध संपूनही पराभूत देशांची नाकेबंदी चालूच होती. ऑस्ट्रियाच्या प्रतिनिधी उपासमारीने इतक्या खंगल्या होत्या की जुन्या मैत्रिणींना त्या चटकन ओळखू आल्या नाहीत. नाकेबंदी उठवावी हा पहिला महत्त्वाचा ठराव होता. व्हर्सायच्या तहाचा मसुदा नुकताच बाहेर आला होता, आणि या अटींतून द्वेष, वैर व नवी युद्धेच निपजतील, असे जाहीरपणे म्हणणाऱ्या पहिल्या आंतरराष्ट्रीय संस्थांत ही परिषद होती. तिथेच ‘शांतता व स्वातंत्र्यासाठी महिलांचा आंतरराष्ट्रीय संघ’ हे नाव पक्के झाले आणि जिनिव्हात कचेरी थाटली गेली. हा संघ अजून काम करतो.

दोन युद्धांच्या मधला काळ संघटनेच्या दृष्टीने कामाचा असला तरी इथे तो ओलांडून पुढे जाऊ. फक्त जेनेट रँकिन यांचा उल्लेख टाळता येत नाही. अमेरिकी काँग्रेसमध्ये निवडून गेलेल्या या पहिल्या स्त्रीने १९१७ मध्ये युद्धाच्या विरोधात मत दिले, तेव्हा सोबत आणखी ४९ सभासद होते. ८ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विरोधी मत दिले, तेव्हा ३८८ विरुद्ध १ अशी गणना झाली. संतापलेल्या गर्दीपासून वाचण्यासाठी त्यांना टेलिफोनच्या खोपटात शिरून पोलिसांना बोलवावे लागले. राजकीय आयुष्य तिथेच संपले. नंतर गांधीजींच्या मार्गाचा अभ्यास करण्यासाठी त्या वारंवार भारतात येत राहिल्या, आणि १९६८च्या जानेवारीत, वयाच्या ८७व्या वर्षी, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या काही हजार स्त्रियांच्या मोर्चाच्या पुढे चालल्या.

अणुबॉम्बने प्रश्नाचे स्वरूपच पालटले. आता युद्ध व्हायची वाट पाहायला नको होती, त्याची रंगीत तालीमही मारक ठरू लागली. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, आणि तिची राख जपानच्या एका मासेमारी बोटीवरील २३ खलाशांच्या अंगावर पडली. टोकियोच्या सुगिनामी भागात मासेविक्रेत्यांचा धंदा बसला, ट्यूना कोणी घेईना. तिथल्या गृहिणींच्या वाचनमंडळाने व मासेवाल्यांनी मिळून मे महिन्यात सह्यांची मोहीम सुरू केली. वाचनमंडळ म्हणजे आपल्याकडच्या भिशीसारखे, परस्परांच्या ओळखीवर चालणारे मंडळ. त्याच ओळखीच्या धाग्याने कागद घरोघर गेले. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत देशभर तीन कोटींवर सह्या झाल्या आणि हिरोशिमात पहिली अण्वस्त्रविरोधी जागतिक परिषद भरली.

अमेरिकेत हाच प्रश्न दुधातून घरात आला. हवेत केलेल्या चाचण्यांतून स्ट्रॉन्शियम-९० हा किरणोत्सारी पदार्थ गवतावर पडतो, गाईच्या दुधात उतरतो आणि कॅल्शियमशी साधर्म्य असल्यामुळे वाढत्या मुलांच्या हाडांत व दातांत जाऊन बसतो. सेंट लुइस शहरात डॉक्टर लुईस राइस यांच्या देखरेखीखाली १९५८च्या अखेरीपासून मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करण्यात येऊ लागले. हाडाचा नमुना जिवंत मुलाकडून मागता येत नाही, दात मात्र आपोआप पडतो, एवढी साधी युक्ती त्यामागे होती. दात पाठवणाऱ्या मुलाला ‘मी माझा दात विज्ञानाला दिला’ अशा अर्थाचा बिल्ला मिळे. आयांनी उशीखालचे दात पाकिटात घालून पाठवले, आणि काही वर्षांत त्यांची संख्या तीन लाखांपलीकडे गेली. चाचण्या वाढल्या त्या वर्षांत जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्रॉन्शियम वाढलेले होते.

१ नोव्हेंबर १९६१ रोजी, मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढणाऱ्या डॅगमार विल्सन यांच्या पुढाकाराने, अमेरिकेच्या साठेक शहरांत हजारो स्त्रियांनी एक दिवस घरकाम व नोकरी बंद ठेवून संप केला. ‘शांततेसाठी महिलांचा संप’ हेच पुढे संघटनेचे नाव झाले. आईपणाचा त्यांनी केलेला वापर हिशेबी होता. हातमोजे, टोपी, बाबागाडी असा थाट ठेवला की पोलिसांना लाठी उगारणे अवघड जाते, हे त्यांना कळत होते. डिसेंबर १९६२ मध्ये कम्युनिस्ट शोधून काढणाऱ्या काँग्रेसच्या समितीने त्यांना चौकशीला बोलावले, तेव्हा ज्या समितीसमोर भलेभले चळाचळा कापत, तिच्या सभागृहात कडेवर मुले घेतलेल्या बायका येऊन बसल्या. साक्षीदार उठली की सगळ्या उभ्या राहत, तिला फुले देत. उभे राहायला बंदी केली तेव्हा टाळ्या वाजवल्या, टाळ्यांना बंदी केली तेव्हा धावत जाऊन पुढच्या साक्षीदाराचे चुंबन घेतले. तुमच्यात कम्युनिस्ट आहेत का, या प्रश्नावर विल्सन यांचे उत्तर असे होते की आम्ही कोणालाच अडवत नाही, सगळे जग आले तरच निभाव लागेल. समितीचा दरारा त्या तीन दिवसांत बराच उतरला. ऑगस्ट १९६३ मध्ये वातावरणातील, पाण्याखालील व अवकाशातील चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला. भूमिगत चाचण्या चालूच राहिल्या, म्हणजे दूध स्वच्छ झाले आणि शस्त्रस्पर्धा होती तशीच उरली. आईच्या नावाने मागणी केली की पदरात पडते तेही बहुधा आईपुरतेच, असा या यशाचा एक अर्थ लावता येतो.

ब्रिटनमधील ग्रीनहॅमच्या स्त्रियांनी ही मर्यादा तोडायचा प्रयत्न केला. अमेरिकी बनावटीची ९६ अण्वस्त्रवाहू क्रूझ क्षेपणास्त्रे बर्कशायरमधील ग्रीनहॅम कॉमन या हवाई तळावर ठेवायचे ठरले होते. २७ ऑगस्ट १९८१ रोजी वेल्समधील कार्डिफहून सुमारे छत्तीस स्त्रिया, काही मुले आणि चार-दोन पुरुष असा लहानसा जथा पायी निघाला आणि ५ सप्टेंबरला तळावर पोहोचला. सरकारने जाहीर चर्चेची मागणी धुडकावली, तेव्हा त्यांनी फाटकाशी मुक्काम ठोकला. तो एकोणीस वर्षे टिकला. काही महिन्यांनी पुरुषांना मुक्काम हलवायला सांगण्यात आले. यावर चळवळीतच वाद झाला, तो पुष्कळ दिवस चालला. पंतप्रधानपदी त्या वेळी मार्गारेट थॅचर होत्या, त्यामुळे स्त्री विरुद्ध पुरुष अशी सोपी मांडणी करणे कोणालाच सोयीचे नव्हते.

तंबूंना परवानगी नव्हती, म्हणून वाकवलेल्या फांद्यांवर प्लास्टिक टाकून खोपी उभ्या राहिल्या. अधिकारी येऊन त्या मोडत, अंथरुणे गाडीत भरून नेत, आणि संध्याकाळपर्यंत नव्या खोपी झालेल्या असत. तळाच्या प्रत्येक फाटकाला रंगाचे नाव होते, पहिले पिवळे, मग निळे, हिरवे, नारिंगी असे, आणि प्रत्येक फाटकावरच्या मुक्कामाचा स्वभाव वेगळा होता. कुंपणाची तार कापायच्या कटरला फोनवर ‘काळा स्वेटर’ म्हणत, कारण फोन ऐकले जात असावेत असा सर्वांचा कयास होता. १२ डिसेंबर १९८२ रोजी तीस हजार स्त्रियांनी हातात हात गुंफून नऊ मैलांचे सबंध कुंपण वेढले आणि तारांना मुलांचे झबले, फोटो, लोकरीचे गुंते बांधून ठेवले. १ जानेवारी १९८३च्या पहाटे ४४ जणी शिड्या लावून आत उतरल्या आणि क्षेपणास्त्रांसाठी बांधलेल्या कोठारांच्या माथ्यावर तासभर फेर धरून नाचल्या. त्यांपैकी बहुतेकींना चौदा दिवसांची कैद झाली. क्षेपणास्त्रे त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आली. पुढे ती वाहून नेणारे ताफे रात्री गुपचूप सरावासाठी बाहेर पडत, तेव्हा पाळत ठेवणारे स्त्री-पुरुष प्रत्येक ताफ्याचा माग काढून बातमी फोडत. गुप्तपणे हलवता येणे हाच ज्या शस्त्राचा मुख्य गुण सांगितला गेला होता, त्याचा तो गुण अशा रीतीने निकामी झाला. ५ ऑगस्ट १९८९ रोजी हेलन थॉमस ही बावीस वर्षांची तरुणी फाटकाजवळ पोलिसांच्या वाहनाची धडक बसून मृत्युमुखी पडली.

क्षेपणास्त्रे गेली ती १९८७च्या अमेरिका-सोव्हिएत करारामुळे. त्यातला किती वाटा छावणीचा, याचे माप कोणाकडे नाही. पण छावणीने एक लढाई स्वतःच्या नावावर निर्विवादपणे जिंकली, आणि ती मला सर्वांत लक्षणीय वाटते. ‘कॉमन’ म्हणजे गावकऱ्यांना गुरे चारायचा व सरपण वेचायचा परंपरागत हक्क असलेली जमीन, आपल्याकडील गायरानासारखी. घुसखोरी रोखण्यासाठी संरक्षण मंत्र्यांनी १९८५ मध्ये खास नियम केले. त्या नियमांखाली दोषी ठरलेल्या जीन हचिन्सन आणि जॉर्जिना स्मिथ यांनी कोर्टात असा मुद्दा मांडला की ज्या १८९२च्या कायद्याखाली हे नियम केले, तोच कायदा सामाईक हक्कांना बाधा आणायला मनाई करतो. या दोघी स्वतः त्या गावच्या हक्कदार नव्हत्या. तरीही १९९० मध्ये, तेव्हा ब्रिटनचे सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यांचे म्हणणे मान्य करून नियम बेकायदा ठरवले. २००० साली कुंपण निघालेले कॉमन लोकांसाठी खुले झाले. तिथे पुन्हा गुरे चरतात, आणि रिकामी कोठारे गवताच्या टेकाडांसारखी उभी आहेत.

पश्चिमेकडील या स्त्रियांना युद्ध बहुतांशी दूर होते किंवा यायचे होते. पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियात ते दाराशी होते. १९८९ पासून चौदा वर्षांत तिथे सुमारे अडीच लाख माणसे मेली. २००३ मध्ये लेमा बोवी यांच्या पुढाकाराने ख्रिस्ती व मुस्लिम स्त्रिया पांढरे कपडे घालून मनरोव्हियाच्या मासळीबाजाराजवळच्या मैदानात, अध्यक्ष चार्ल्स टेलर यांच्या मोटारी जिथून जात त्या रस्त्यालगत, उन्हापावसात बसून राहिल्या. टेलर यांना एप्रिलमध्ये त्यांची भेट घ्यावी लागली. जूनमध्ये घानातील आक्रा शहरात बोलणी सुरू झाली, पण हॉटेलात राहून भत्ते घेणाऱ्या, लढणाऱ्या टोळ्यांच्या सरदारांना ती संपवायची घाई नव्हती. २१ जुलैला सुमारे दोनशे स्त्रियांनी सभागृहाच्या काचेच्या दाराशी हात गुंफून ठाण मांडले आणि करार होईपर्यंत कोणालाही बाहेर पडू देणार नाही असे कळवले. अटक करायला रक्षक आले, तेव्हा बोवी यांनी अंगावरचे वस्त्र उतरवायला सुरुवात केली. आईच्या वयाच्या बाईने जाणूनबुजून विवस्त्र होणे हा पश्चिम आफ्रिकेत पाहणाऱ्याला लागणारा शाप मानला जातो. मध्यस्थ जनरल अब्दुलसलामी अबुबकर यांनी रक्षकांना मागे घेतले, आणि बोलण्यांचा नूर पालटला. १८ ऑगस्टला करारावर सह्या झाल्या. पुढच्याच वर्षी, १५ जुलै २००४ रोजी, इंफाळच्या कांगला किल्ल्याच्या फाटकासमोर, लष्करी दलाने ताब्यात घेतलेल्या एका तरुणीच्या मृत्यूनंतर, बारा मणिपुरी स्त्रियांनी हेच हत्यार प्रत्यक्ष वापरले. त्यांना आफ्रिकेकडून शिकायची गरज नव्हती, मैरा पैबींची, म्हणजे मशाली घेऊन गस्त घालणाऱ्या मणिपुरी स्त्रियांची, परंपरा त्यांच्या घरचीच होती.

दरम्यान, ३१ ऑक्टोबर २००० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १३२५ संमत केला, आणि शांततेच्या वाटाघाटींत स्त्रियांचा सहभाग असावा हे प्रथमच मान्य केले. हेगच्या ठरावाला तोवर पंचाऐंशी वर्षे झाली होती.

त्याच २००० सालच्या मार्चमध्ये, कारगिलचे युद्ध संपून वर्षही झाले नसताना, भारतीय स्त्रियांचे एक पथक दिल्लीहून बसने लाहोरला गेले. त्याच्या अग्रभागी निर्मला देशपांडे होत्या. नागपुरात १९२९ साली जन्मलेल्या, कादंबरीकार पु. य. देशपांडे यांच्या या कन्येने १९५२ मध्ये विनोबांच्या भूदान पदयात्रेत पाऊल टाकले आणि उरलेले आयुष्य पंजाब, काश्मीर अशा पेटलेल्या प्रदेशांतून फिरण्यात घालवले. विनोबांची शिकवण अशी की भांडणाऱ्यांच्या घरी पायी जावे, बोलवायची वाट पाहू नये. श्विमर बाईंनी हेगला धरलेला हट्ट याहून वेगळा नव्हता, जरी दोघींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. देशपांडे यांच्यावर त्या दिवसांत देशात टीकाही बरीच झाली. कारगिलच्या जखमा ओल्या होत्या, आणि शत्रूशी हस्तांदोलन करणाऱ्यांना दोन्हीकडे एकच विशेषण लावले जात होते. मग त्याच वर्षी अस्मा जहांगीर यांच्या नेतृत्वाखाली पाकिस्तानी स्त्रिया दिल्लीला आल्या. १ मे २००८ रोजी निर्मलाताई गेल्या, तेव्हा त्यांच्या अस्थींचा काही भाग सिंधमध्ये नेऊन सिंधू नदीत सोडण्यात आला, आणि पुढच्या वर्षी पाकिस्तानने त्यांना मरणोत्तर ‘सितारा-ए-इम्तियाज’ हा किताब दिला. १९९९ मध्ये सुरू झालेली दिल्ली-लाहोर बससेवा संसदेवरील हल्ल्यानंतर बंद पडली, २००३ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि २०१९च्या ऑगस्टात परत थांबली.